जमिनीखालच्या आकड्याची जबाबदारी कोणाची?

प्रशासनात कोणताही प्रश्न पुढे आला की पहिला विचार कायद्याचा होतो. कायदा नसेल तर तो करावा, असेल तर त्यातील पळवाटा बुजवाव्यात आणि अंमलबजावणीसाठी निरीक्षक नेमावा, ही आपली रुळलेली वाट. परंतु काही विषय असे असतात की तिथे निरीक्षकाला डोळ्यांनी पाहण्यासारखे काहीच नसते. जमिनीच्या पोटात खनिज किती आहे, हा असाच एक विषय. या विषयातील जगन्मान्य नियम मुळात सरकारांनी लिहिलेले नाहीत. खाणव्यवसायातील व्यावसायिक संस्थांच्या समित्यांनी, आपापली नोकरी सांभाळून विनामोबदला काम करणाऱ्या सभासदांनी ते लिहिले. कायद्याने त्यांना नंतर आपले बळ दिले. हा इतिहास प्रशासकांनी अभ्यासावा असा आहे.

प्रश्नाचे स्वरूप आधी समजून घेऊ. खनिजाचा शोध घेताना काही अंतरावर खोल भोके पाडतात, त्यांतून दगडाचे बारीक दंडगोल बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण करतात. दोन भोकांच्या मध्ये काय दडले आहे, हे कोणीही पाहिलेले नसते. तिथे भूशास्त्रज्ञाचा तर्क चालतो. या तर्कातून अमुक कोटी टन असा आकडा तयार होतो आणि त्या आकड्यावर कंपनीच्या शेअरचा भाव, बँकेचे कर्ज व सरकारचा महसूल ठरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या धंद्याला अगदी शब्दशः लागू पडते.

ही मूठ किती महागात पडू शकते, ते १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसले. व्हिएतनाम युद्धामुळे निकेलला मागणी होती आणि कॅनडातील मोठ्या निकेल कंपनीत संप चालू होता. अशा वेळी पश्चिम ऑस्ट्रेलियातील विंडारा येथे पोसायडन या लहानशा कंपनीला निकेल सापडल्याची बातमी आली. सप्टेंबर १९६९ मध्ये सुमारे ८० सेंटला मिळणारा तिचा शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये सुमारे २८० डॉलरवर गेला. इतर अनेक कंपन्यांचे शेअरही त्या लाटेत चढले. खनिज प्रत्यक्षात बाहेर येईपर्यंत निकेलचे भाव उतरले होते, आणि १९७६ मध्ये पोसायडनवर रिसीव्हर नेमण्याची पाळी आली. नुकसान सोसले ते मुख्यतः शेवटी खरेदी करणाऱ्या सामान्य माणसांनी. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने चौकशी समिती बसवली व तिचा अहवाल १९७४ मध्ये आला.

त्याआधीच, १९७१ मध्ये, खाणउद्योगाच्या परिषदेने खनिजसाठ्यांसंबंधी एक समिती स्थापन केली होती. ऑस्ट्रेलेशियन इन्स्टिट्यूट ऑफ मायनिंग अँड मेटलर्जी ही १८९३ पासूनची व्यावसायिक संस्था तिच्यात लवकरच सहभागी झाली. ही समिती ‘जॉर्क’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तिला ना दंड करण्याचा अधिकार होता, ना झडती घेण्याचा. १९७२ पासून ती मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध करीत राहिली. तब्बल १७ वर्षे हे काम केवळ सल्ल्याच्या पातळीवर चालले होते. १९८९ मध्ये संहितेची पहिली आवृत्ती निघाली आणि ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने ती आपल्या नोंदणी-नियमांत समाविष्ट केली. तेव्हापासून ही संहिता बाजारातील कंपन्यांवर बंधनकारक झाली.

संहितेचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे शब्दांची शिस्त. खात्रीच्या चढत्या क्रमाने खनिजाचे तर्काधारित, सूचित आणि मोजलेले असे तीन वर्ग केले. काढणे परवडेल असे दाखवून दिल्यावरच त्याला ‘साठा’ म्हणायचे, आणि निव्वळ तर्काधारित खनिजाला साठा कधीच म्हणायचे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘सक्षम व्यक्ती’. जाहीर होणाऱ्या प्रत्येक आकड्यामागे एका माणसाचे नाव असले पाहिजे. तो मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेचा सभासद असावा, त्याच प्रकारच्या खनिजातला किमान ५ वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी असावा आणि प्रसिद्धीपूर्वी त्याची लेखी संमती घेतलेली असावी. आकडा बेजबाबदारपणे दिला तर तक्रार त्याच्या संस्थेकडे जाते. तिथे त्याचेच समव्यवसायी चौकशी करतात. सभासदत्व गेले तर सहीचा अधिकार जातो, म्हणजे उपजीविकेवरच गदा येते.

कॅनडाला हा धडा अधिक कठोरपणे मिळाला. इंडोनेशियातील बुसांग येथे सुमारे ७ कोटी औंस सोने असल्याचा दावा करणाऱ्या ब्रे-एक्स कंपनीचे बाजारमूल्य ६ अब्ज कॅनडियन डॉलरच्या वर गेले होते. १९९७ मध्ये उघड झाले की नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. पैसे गमावलेल्यांत ओंटारिओच्या शिक्षकांचा पेन्शन फंडही होता. त्यानंतर कॅनडाच्या रोखे-नियामकांनी २००१ पासून नवा नियम लागू केला. त्यातील व्याख्या मात्र सरकारी कचेरीत रचलेल्या नव्हत्या. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या कॅनडाच्या खाण-अभियंत्यांच्या संस्थेतील स्थायी समितीने तयार केलेल्या व्याख्याच नियामकांनी स्वीकारल्या. टोरांटो किंवा सिडनीच्या बाजारात पैसे गुंतवणाऱ्या आपल्या वाचकांनी एखाद्या खाणकंपनीचा अहवाल उघडून सही करणाऱ्याचे नाव शोधावे. त्या नावामागे हा सारा इतिहास उभा आहे.

१९९४ मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा समित्या एकत्र आल्या. त्यातून ‘क्रिर्स्को’ ही आंतरराष्ट्रीय समिती घडली. भारताने वेगळा मार्ग धरला होता. नागपूर येथे मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो १९४८ पासून देशाच्या खनिजांची मोजदाद ठेवतो. १ एप्रिल २००० च्या स्थितीवरील राष्ट्रीय सूचीपासून त्याने संयुक्त राष्ट्रसंघाचे वर्गीकरण स्वीकारले. भूशास्त्रीय खात्री किती, काढणे कितपत साध्य, आणि ते परवडते का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात तीन अंकांनी दर्शवतात. राष्ट्राच्या नियोजनासाठी हे वर्गीकरण उपयुक्त आहे. परंतु आकड्यामागे एक जबाबदार सही उभी करणे, हा त्याचा मूळ हेतू नव्हे.

ही उणीव २०१५ नंतर अधिक जाणवू लागली. त्या वर्षी खाणपट्टे लिलावाने देण्याचा कायदा झाला आणि खाणपट्ट्यासाठी भरायची आगाऊ रक्कम अंदाजित खनिजाच्या मूल्याच्या ०.५० टक्के ठरली. म्हणजे जमिनीखालचा आकडा थेट राज्याच्या तिजोरीशी जोडला गेला. आकडा फुगला तर बोली लावणारा बुडतो, दबला तर जनता बुडते. यानंतर मायनिंग इंजिनिअर्स असोसिएशन ऑफ इंडिया आणि खाणउद्योगांचा महासंघ यांच्या पुढाकाराने भारतीयांची स्वतंत्र समिती उभी राहिली. तिने २०१९ मध्ये भारतीय संहिता प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी भारत क्रिर्स्कोचा सभासद झाला.

या व्यवस्थेचे दोष झाकण्याचे कारण नाही. समितीतील माणसे त्याच उद्योगातून येतात. सक्षम व्यक्ती बहुधा त्याच कंपनीच्या पगारावर असते. अशा वेळी कुंपणच शेत खाणार नाही कशावरून? कॅनडाने म्हणूनच काही महत्त्वाच्या प्रसंगी कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाची सही आवश्यक केली. शिवाय पोसायडन असो वा ब्रे-एक्स, नियमांना धार आली ती लोकांचे पैसे बुडाल्यानंतर. वरातीमागून घोडे, हा ठपका या समित्यांनाही चुकलेला नाही.

तरीही प्रशासनाने यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. सरकारी निरीक्षक एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत बदलून जातो. समव्यवसायींतील पत मात्र माणसाबरोबर आयुष्यभर चालते. नियम कसा असावा हे जाणकारांनी ठरवावे, तो मोडल्यास शिक्षा काय हे कायद्याने ठरवावे, आणि दोहोंमध्ये एका जिवंत माणसाचे नाव असावे, अशी ही विभागणी आहे. आपल्या फाइलींवर सह्या पुष्कळ असतात. त्यांपैकी आकड्याची जबाबदारी घेणारी सही कोणती, हे विचारले की टिपणी पुन्हा खालच्या टेबलावर जाते. जमिनीखालच्या आकड्याच्या बाबतीत तरी हे होऊ नये, कारण ती खनिजसंपत्ती एकदाच काढता येते.