माउलीचा डोंगर आणि आवाबाईंचा रस्ता

‘माउली’ म्हटलं की मराठवाड्यातल्या जिंतूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आळंदी येते, टाळ-मृदंग आणि पंढरीची वाट येते. मुंबईच्या कोळीवाड्यात याच शब्दामागे आणखी एक रूप उभं राहतं: वांद्र्याच्या डोंगरावरची मरियामाता. कोळी तिला ‘मोतमाउली’ म्हणतात, मोत्यांची आई. आठ सप्टेंबर हा तिचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर डोंगरावर जत्रा भरते आणि या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसं येतात.

ही जागा जुनी आहे. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी इथे प्रार्थनास्थळ उभारलं. १७०० साली अरबी चाच्यांनी डोंगरावर हल्ला केला. मूर्तीच्या हातातली मुलाम्याची वस्तू त्यांना सोन्याची वाटली असावी. त्यांनी मातेचा उजवा हातच तोडला. पुढच्या साठ वर्षांत कधीतरी एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि समुद्रात तरंगणारी एक मूर्ती सापडली, असं कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. या कथेला पुरावा मागत बसण्यात अर्थ नाही. ज्या समुद्रावर पोट चालतं, त्याच समुद्राने आई दिली, एवढंच कोळ्याला सांगायचं असतं. हात तुटलेली जुनी मूर्तीही पुढे दुरुस्त झाली आणि आज मुख्य वेदीवर तिलाच मान आहे.

पण या डोंगरापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. मुंबईची बेटं आणि वांद्रं ज्यावर आहे ते साष्टी बेट यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. वांद्र्याला जायचं तर होडीत बसायचं, आणि पावसाळ्यात त्या खाडीचा भरवसा कुणी देत नसे. जत्रा तर भाद्रपदाच्या आसपास, म्हणजे पावसाळा पुरता सरलेलाही नसताना. होड्या उलटून माणसं बुडाल्यावर रस्त्याची मागणी जोर धरू लागली. सरकारकडून पैसा मिळेना. तेव्हा पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी १,५७,००० रुपये दिले आणि अट एकच घातली: या रस्त्यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. ८ एप्रिल १८४५ रोजी माहीमचा कॉजवे खुला झाला. एका पारशी बाईच्या पैशावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच कोरड्या पायांनी डोंगराच्या पायथ्याशी जाऊ लागले. १८६७ मध्ये विरार ते बॅकबे रेल्वे सुरू झाली आणि वांद्रं मुंबईला आणखी जवळ आलं.

आजचं देऊळ १९०४ चं. वसई-वांद्र्याकडचे जुने ख्रिस्ती रहिवासी चर्चला देऊळच म्हणतात. त्याचा आराखडा शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुविशारदाचा, खर्च सुमारे एक लाख. १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष दर्जाच्या चर्चचा, मान मिळाला.

जत्रेत खरी गर्दी असते ती मेणाच्या दुकानांपुढे. साध्या मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळं आणि घरंही मांडलेली असतात. गुडघा दुखणाऱ्याने मेणाचा पाय घ्यायचा, मूल हवं असणारीने बाळ, भाड्याच्या खोलीला कंटाळलेल्याने घर. ते मातेपुढे ठेवायचं आणि नवस बोलायचा. नवसाला पावणारी देवी महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. इथे फक्त नारळाच्या जागी मेण येतं. उतरताना हातात झेंडूचा हार आणि गोव्याच्या कडियो-बोडियो या गोड खाऊची पुडी असते.

याच सप्टेंबरात आणखी एक ‘माउली’ गर्दी जमवते. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. तिथे समुद्र नाही, कोळी नाहीत. उसाचे मळे आहेत आणि नगर, नाशिक, मराठवाड्याकडून पोरांना घेऊन आलेली कुटुंबं. प्रार्थना मराठीत, भजनं मराठीत, आणि मातेला मारलेली हाकही तीच, माउली.