नासपती आणि कीचक

चित्रात राजाची निंदा आहे, हे सिद्ध करावयाचे तर ते चित्र राजासारखे दिसते, हे सरकारला आधी मान्य करावे लागते. एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये या अडचणीची मोठी मौज झाली.

१८३० च्या जुलै क्रांतीने लुई फिलिप गादीवर आला. छपाईपूर्व तपासणी पुन्हा कधीही येणार नाही, अशी हमी नव्या सनदेने दिली होती. त्याच वर्षी शार्ल फिलिपाँ याने ‘ला कारिकात्यूर’ हे शिळाछाप व्यंगचित्रांचे साप्ताहिक काढले. नोव्हेंबर १८३१ मध्ये त्याच्यावर खटला चालला, तेव्हा त्याने न्यायालयापुढे चार रेखाटने मांडली. पहिल्यात राजाचे मुख, शेवटच्यात नासपतीचे फळ. गुन्हा नेमका कोणत्या चित्रापासून सुरू होतो, असा त्याचा सवाल होता. शिक्षा टळली नाही. परंतु नासपती पॅरिसच्या भिंतींवर जागोजागी उमटली. प्रजेचे धन गिळणारा राजा रेखाटल्याबद्दल ओनोरे दोमिए यालाही १८३२ मध्ये सहा महिन्यांचा कारावास झाला. अखेर सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने सनदेतील हमी मोडून चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची केली. लेखांना मात्र ती अट नव्हती. चित्र अक्षरशत्रूलाही वाचता येते, हीच धास्ती होती.

असाच मुखवटा आपल्याकडे रंगभूमीने वापरला. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगमंचावर आले. कथा महाभारतातील, परंतु उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत भारतमाता, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० मध्ये सरकारने प्रयोगांवर बंदी घातली. कीचक कोण, यावर त्या हुकुमानेच सरकारी मोहर उठली!

हा इतिहास परकीय सत्तेबरोबर संपला नाही. भारतीय दंडसंहितेच्या १२४-अ कलमात शब्दांबरोबर दृश्य चित्रणही राजद्रोहाचे साधन गणले होते. तेच कलम २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना लावण्यात आले. हिंसेस चिथावणी नसेल तर सरकारवरील कठोर टीका राजद्रोह ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या १५२ व्या कलमातही दृश्य चित्रणाचा उल्लेख आहेच.

शासनसेवेत आयुष्य काढलेल्यांना ठाऊक असते की, फायलीवर शेरा मारणे सोपे, तो मागे घेणे कठीण. म्हणून व्यंगचित्रावर कारवाई सुचविण्यापूर्वी अधिकाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे: या फळात साहेबांचे तोंड मला कोणी दाखविले?