ड्रॅगनचा खजिना आणि त्याची वांटणी

लूट मिळवितांना एकदिलानें लढलेलीं माणसें ती वांटतांना एकमेकांच्या उरावर बसतात, हा अनुभव जुन्या बखरींपुरताच आहे असें कोणीं समजूं नये. संगणकजालावर हजारों माणसांनीं एकत्र खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांच्या अल्पशा इतिहासांतही हाच कलह उद्भवला. आणि तो मिटविण्याकरितां खेळाडूंनीं स्वतःचें एक चलन निर्माण केलें.

१९९९ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ सुरू झाला. त्यांतील नॉराथ ह्या कल्पित जगांत तांब्यापासून प्लॅटिनमपर्यंत चार धातूंचीं नाणीं चालत. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा ह्या अर्थशास्त्रज्ञानें २००१ सालीं ह्या जगाच्या अर्थव्यवहारावर निबंध लिहिला व तेथील नाण्यांस बाहेरच्या बाजारांत डॉलरांचा भाव येतो हें दाखवून दिलें. परंतु ह्या नाण्यांत एक उणीव होती. राक्षस मारावा, नाणीं घ्यावीं. राक्षस पुन्हा उपजे, नाणीं पुन्हा मिळत. ज्या चलनाच्या झऱ्यास अंत नाहीं, त्यानें कोणाचे श्रम किती हें कसें मोजावें?

व्हॉक्स व नागाफेन हे तेथील दोन प्रबळ ड्रॅगन. त्यांच्या वधास मोठा जमाव लागे, आणि हातीं मात्र मोजक्याच वस्तु पडत. एका खड्गाचे तुकडे करून तें सर्वांस वांटतां येत नाहीं. फांसे टाकावे, तर काल आलेला नवखा जिंके आणि महिनोन्महिने राबलेला रित्या हातानें परते. नायकानें निवाडा करावा, तर पक्षपाताचा बोभाटा होई. ह्या पेंचांतून ‘आफ्टरलाइफ’ नामक संघानें १९९९ मध्येंच वाट काढली. मोहिमेस हजर राहणाऱ्यास गुण द्यावे, आणि वस्तु हवी असल्यास तिची किंमत त्याच गुणांतून वळती करावी. ह्यांस ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, म्हणजे ड्रॅगनवधाचे गुण, असें नांव पडलें. हे गुण बाजारांत विकत मिळत नसत. ते केवळ संघाच्या वहींत असत.

२००४ सालीं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ निघाल्यावर तेथील चाळीस जणांच्या मोहिमांत ही पद्धति फोफावली. कोणी वस्तूंचे भाव ठरवून देत, कोणी लिलाव करीत. कांहीं संघांनीं एकूण बेरीज सदैव शून्य राखिली: एकानें ४०० गुणांची वस्तु घेतली कीं तेच ४०० गुण चाळीसही जणांत दहा दहा वांटावयाचे. त्यामुळें गुणांचा सुकाळ होऊन त्यांचें मोल घटण्याची भीति उरली नाहीं.

तरीही एक रोग राहिलाच. उद्यां याहून मोठें शस्त्र निघेल ह्या आशेनें पुष्कळ जण आजच्या मध्यम वस्तूस हात लावीत नसत. ती वस्तु वायां जाई, संघ दुर्बळ राही, आणि कृपणाचा ढीग वाढे. नवागतास तर तो ढीग पाहूनच हुरूप राहत नसे. म्हणून साठलेल्या गुणांचा कांहीं अंश ठराविक काळानें कापण्याची चाल अनेक संघांनीं पाडली. साठेबाजांनीं कुरकूर केली. पण खर्च न होणारें चलन मेहनतीचें माप म्हणून निरुपयोगी ठरतें, हें त्यामागील तत्त्व खोटें नव्हतें.

पुढें खेळाच्या निर्मात्यांनींच ही युक्ति उचलली. २००७ च्या ‘बर्निंग क्रूसेड’ ह्या विस्तारांत प्रबळ शत्रु पडतांच प्रत्येकास न्यायाचें पदक मिळूं लागलें व त्यांच्या मोबदल्यांत वस्तु निवडतां येऊं लागली. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’मध्यें वरच्या दर्जाच्या गुणांवर आठवड्याची मर्यादा आली. कलह कमी झाला. परंतु माणसामाणसांतील हिशेब व्यापाऱ्याच्या दुकानांत गेला. २०१९ सालीं जुना खेळ ‘क्लासिक’ ह्या रूपानें पुन्हा उघडला, तेव्हां बऱ्याच संघांनीं ह्या गुणांची वही पुन्हा काढली.

संघ मोडतांच त्या वहींतील सहस्र गुणांस कवडीचीही किंमत राहत नसे. त्यांच्यामागें ना सोनें, ना राजमुद्रा; होता तो केवळ सोबत्यांचा विश्वास. तो शाबूत असतांना योग्य वेळीं गुण खर्च करून सर्वांचें बळ वाढविणें, हाच त्यांचा खरा उपयोग होता.