छाप कोणाची, हात कोणाचे? (बिडीच्या लेबलापासून मोबाईलच्या रीलपर्यंत)

आजकाल आपल्या गोंदियात ज्याला त्याला 'ब्रँडिंग' करायचं आहे. तांदळाचं दुकान टाकणारा पोरगा, घरून केक विकणारी ताई, कोचिंगवाले सर, आणि 'भावी नगरसेवक' तर आहेतच. पेज काढा, लोगो बनवा, रोज एक रील टाका, असं सांगणारे गुरूही गल्लोगल्ली झालेत.

पण मंडळी, नाव विकण्याचा हा धंदा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. आपल्या आज्या-आजोबांच्या काळापासून इथं तो चालत आला आहे. तेव्हा त्याला कोणी ब्रँड म्हणत नव्हतं, 'छाप' म्हणत. आणि ती छाप होती बिडीची.

बिडी इथंच का रुजली? जंगलात तेंदूपत्ता होता. 1880 च्या दशकात रेल्वे आली, बंगाल-नागपूर रेल्वेमुळे गोंदिया मोठ्या लाईनवर आलं, पुढं जबलपूरकडं जाणारी छोटी लाईनही झाली. धानाचं काम संपलं की गावात हात रिकामे असायचे. त्यात 1899-1900 चा दुष्काळ पडला, गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात तो. त्या काळात गुजरातची अनेक कुटुंबं मध्य प्रांतात आली आणि काहींनी बिडीचा धंदा धरला. जबलपूरला मोहनलाल हरगोविंददास यांची शेर छाप नावारूपाला आली. आपल्याकडं छोटाभाई जेठाभाई पटेल ही पेढी मोठी झाली. सी. जे. या आद्याक्षरांवरूनच पुढं 'सीजे' हे नाव रूढ झालं.

आता विचार करा. बिडी म्हणजे काय? पान, तंबाखू आणि दोरा. शेठ 'अ'ची बिडी आणि शेठ 'ब'ची बिडी शेजारी ठेवली तर ओळखायची कशी? फरक दाखवायचा तो बंडलावर चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्यानं. गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हतं, म्हणून लेबलावर चित्र असायचं. वाघ, शेर, हत्ती, देव, नाहीतर नुसता आकडा. कित्येक लेबलांवर तर खुद्द मालकाचा फोटो. टोपी किंवा पागोटं, गंभीर चेहरा, खाली नाव आणि गाव. 'हा माल माझा आहे, खराब निघाला तर मला धरा,' असं तो फोटो सांगायचा. आजच्या भाषेत प्रोफाईल फोटोच की हा! नकली मालापासून सावध राहा, ही ताकीदही असायची. म्हणजे फेक अकाउंटचा त्रासही जुनाच.

इथवरची गोष्ट ऐकायला छान वाटते. आता लेबलाच्या मागची बाजू बघू.

बिडी वळायची कोण? बहुतेक बाया. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि दिवसभर चालणारी बोटं. मजुरी हजारावर. मधे सट्टेदार, म्हणजे कच्चा माल देणारा आणि वळलेल्या बिड्या घेणारा माणूस. बिड्या घेताना तो 'छाट' काढायचा. ही बारीक, ही सैल, ही फाटकी. छाटीतल्या बिडीचे पैसे नाहीत. छाप चांगली राहावी म्हणून माल तपासणं बरोबरच आहे. पण छाट किती काढायची हे ठरवणारा एकच, आणि तक्रार ऐकणाराही तोच. हे भांडण इतकं जुनं आणि इतकं सार्वत्रिक, की 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या बिड्यांच्या वादासाठी वेगळी तरतूद करावी लागली.

छाप शेठची होती, हात बाईचे होते. लेबलावर तिचं नाव कधीच आलं नाही. तिच्या वाट्याला आली ती छातीत जाणारी तंबाखूची धूळ. आपल्या जिल्ह्यातल्या पहिल्या 'ब्रँडिंग'चा हिशोब करताना ही ओळ गाळता येत नाही.

पुढं त्या छापेचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं जाहिरात बंद केली. 2009 पासून पाकिटावर सचित्र इशारा आला, 2016 मध्ये तो 85 टक्के जागेवर गेला. जिथं शेठजींचा चेहरा होता तिथं आजारी माणसाचं चित्र आलं. माल काय करतो हे लेबलानं शंभर वर्षं लपवलं, शेवटी कायद्यानं ते त्याच लेबलावर छापायला लावलं.

दुसरा दाखला पुण्याचा. साबळे वाघिरे कंपनीची 'संभाजी बिडी' महाराष्ट्रभर प्रसिद्ध होती. महाराजांचं नाव बिडीला कसं, म्हणून अनेक वर्षं विरोध होत राहिला. 2020 च्या आंदोलनानंतर कंपनीला नाव बदलावं लागलं, 'साबळे बिडी' करावं लागलं. उसनं घेतलेलं मोठं नाव कधीतरी परत द्यावं लागतं. थोरांच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो लावून बॅनर टाकणाऱ्या आपल्या भावी नेत्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मग नाव कमवायचा चांगला रस्ता नाहीच का? आहे. आणि तोही मराठी माणसानंच दाखवलाय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिली विक्री व्हायलाच दोन वर्षं गेली. नुसतं 'आमचा नांगर बेस्ट' ओरडून हे सुटणारं नव्हतं. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याचं घरगुती पत्रक म्हणून सुरू झालेलं हे मासिक शंकरराव किर्लोस्करांनी असं वाढवलं, की लोक ते नांगरासाठी नाही तर वाचण्यासाठी घेऊ लागले. उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा, सगळं त्यात आलं. 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' ही भावंडंही निघाली. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून हजारो रुपये फी घेऊन शिकवतात, ते हेच. आधी वाचणाऱ्याच्या कामाचं काहीतरी द्या, मग आपला माल दाखवा.

आपल्या गोंदियातही हेच दिसतं. मनोहरभाई पटेल हे बिडी उद्योगातलं मोठं नाव. पण आज 9 फेब्रुवारीला त्यांची जयंती होते तेव्हा बिडीची आठवण कोण काढतो? 1958 मध्ये सुरू झालेली गोंदिया शिक्षण संस्था आणि तिच्या शाळा-कॉलेजांतून शिकून गेलेली पोरं, यांच्यामुळे ते नाव घेतलं जातं. राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्या. लेबल फाटून जातं, शाळा राहते, एवढंच म्हणणं आहे.

आता आजच्याकडं येऊ. मोबाईलनं एक मोठी गोष्ट केली. ज्या हातांना कधी लेबल मिळालं नाही, त्यांना ते स्वतः छापता येऊ लागलं. आता बचत गटाची बाई मोहाचे लाडू स्वतःच्या नावानं, स्वतःच्या चेहऱ्यानं विकू शकते. मधे सट्टेदार नाही.

खरंच नाही? 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं आणि ज्यांनी सगळी कमाई तिथं लावली होती त्यांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. तुमची पोस्ट किती जणांना दाखवायची हे तुम्ही ठरवत नाही, कंपनी ठरवते. कोणती पोस्ट छाटीत टाकायची तेही तीच ठरवते. नवीन सट्टेदार आहे, फक्त दिसत नाही. म्हणून पेज जरूर चालवा, पण गिऱ्हाइकाचा नंबर आपल्या वहीत असू द्या आणि दुकानाची पाटी बाहेर असू द्या.

दुसरं, खोटं लिहू नका. फवारणी केलेल्या तांदळाला 'सेंद्रिय' म्हणणं, कुठल्याही चूर्णानं शुगर बरी होते म्हणणं, हे आता नुसतं पाप नाही, गुन्हाही आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. पैसे घेऊन शिफारस करणाऱ्या रीलवाल्यांनाही तो लागू होतो. जानेवारी 2023 पासून तर 'ही जाहिरात आहे' हे स्पष्ट सांगण्याच्या सूचनाच केंद्रानं दिल्या आहेत.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छाप एकट्याचीच असली पाहिजे असं नाही. बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, भंडाऱ्याच्या चिनोरलाही मिळालं. ते नाव एका शेठचं नाही, तिथल्या सगळ्या शेतकऱ्यांचं आहे. आणि 2013 पासून आपल्या गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारानं तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला घेतला. ज्या पानाच्या जिवावर इतक्या छापा मोठ्या झाल्या, त्या पानाच्या सौद्यावर पहिल्यांदा गावाचं नाव लागलं.

तेव्हा रील बनवायच्या आधी लेबलाची दुसरी बाजू एकदा बघा. माल कोणाच्या हातचा आहे? त्याचं नाव कुठं दिसतं का? आणि उद्या कोणी तुमच्याच लेबलावर तुमच्या मालाचं खरं छापायचं म्हटलं, तर तुम्हाला चालेल का?

कोणाच्या घरी जुन्या पेटीत बिडीची लेबलं पडली असतील तर फोटो काढून ठेवा. आणि घरात बिड्या वळलेली आजी असेल तर तिचं नाव, तिचं गाव आणि तिला हजाराला किती मिळायचे, तेही लिहून ठेवा. लेबलं कुठंतरी मिळतील, ती मात्र कायम मिळणार नाही.