थंबींच्या तंबूत एक रात्र

बंगळुरूत पारा अठरावर आला की कपाटातून माकडटोपी काढणारे तुम्ही. आज ती टोपी घेऊनच या. हलसूर तलावाजवळ मद्रास सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या अभियंत्यांचं, केंद्र आहे ना, त्याच्या भिंतीला पाठ टेका आणि डोळे मिटा.

लगेच उघडू नका. आधी वास घ्या. पेट्रोल, ओली लोकर, सुरुंगाची दारू, खेचरांची लीद. आता उघडा. 1948 चा ऑक्टोबर सरत आलाय, पाकिस्तानशी युद्ध चालू आहे आणि तुम्ही काश्मिरात, बालतालच्या वरच्या चढावर आहात. झोजी ला खिंड साडेतीन हजार मीटरवर. चार पावलांत छातीचा भाता होतो. कड्यावरून मधूनच शत्रूची मशिनगन तडतडते, म्हणून डोकं खाली! मेजर थंगराजूंच्या माणसांनी इथल्या खेचरांच्या पाऊलवाटेचा रस्ता केलाय, रणगाडे जातील एवढा रुंद.

‘पनी! पनी!’ शेजारचा गडी ओरडतो. तुम्ही भाबडेपणाने पाण्याची बाटली पुढे करता. तो खो खो हसतो. तमिळमध्ये पनी म्हणजे हिम! या सॅपर्सना फौजेत थंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. यातल्या कित्येकांनी गावी साधी गारही क्वचितच पाहिलेली.

आणि ते आलंच. सह्याद्रीतला पाऊस वरून पडतो, हे समोरून येतं. रव्यासारखं कोरडं, डोळ्यांत टोचणारं. स्वतःचा हात दिसेना. तंबू वीस पावलांवर आहे, पण एकटे निघू नका, वीसचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही. दोर धरा. पुढच्याची पाठ सोडू नका. आणि लोखंडी पहारीला उघडा हात लावू नका, कातडी चिकटून बसेल.

तंबूत ओल्या मोज्यांचा असा दर्प की बाहेरचं वादळ बरं वाटावं. तरी आधी तेच मोजे काढा. कोरडा जोड पोटाशी, सदऱ्याच्या आत ठेवलेला असतो, तो चढवा. मग समोरच्याचं नाक बघा, त्याला तुमचं बघू द्या. आपलं नाक पांढरं पडलेलं आपल्याला कळत नाही. कुणी त्यावर बर्फ चोळायला निघाला तर हात धरा त्याचा. या काळात तोच उपाय समजतात, पण त्याने जखम वाढते. नुसता उबदार तळवा ठेवा. रम पुढे आली तर जपून, ऊब वाटते खरी, पण अंगातली ऊब बाहेर जाते. स्टोव्ह पेटता ठेवून तंबूचं दार बंद करू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. लघवीला जायचं? जोडीने. लाज बंगळुरूत ठेवून आलात असं समजा.

सकाळी फावडी. रात्रभरात भरलेला रस्ता पुन्हा उपसायचा. हवामानाने खिंडीवरचा आपला हल्ला लांबतोय, आणि खाली सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे थांबलेत. कुणाला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे बुरूज उतरवून आणलेले. 1 नोव्हेंबरला, बर्फ भुरभुरत असतानाच, ते घरघरत तुमच्या शेजारून वर जातात. जमीन थरथरते. पहिल्या रणगाड्यात कोडगूचे जनरल थिमय्या. थंबी फावड्यावर हनुवटी टेकून बघत राहतो.

झालं, परत हलसूर. टोपी ओली झालीय, वाळत घाला. आणि बंगळुरूहून पुढच्या खेपेला हिमालयात ट्रेकला निघालात, तर पाठपिशवीत मोज्यांचा एक कोरडा जोड जास्तीचा टाका.