त्र्यंबकेश्वरी यात्रेकरूंना घर देताना

नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरात यात्रेकरूला घरी उतरवून घेण्याची प्रथा जुनी आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असत. घराची जाहिरात वेगळी करावी लागत नसे. आता पाहुणा संकेतस्थळावर छायाचित्रे पाहून येतो. त्याची गरज मात्र फारशी बदललेली नाही.

नारायण-नागबळीचा विधी तीन दिवस चालतो. तेवढे दिवस कुटुंब मुक्कामी असते, कांदा-लसूण वर्ज्य करते. अशा पाहुण्याला सज्जातून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा पहाटेचे गरम पाणी, ओली वस्त्रे वाळत घालण्यास जागा आणि वृद्धांसाठी तळमजल्यावरील खोली मोलाची वाटते. कुशावर्तापर्यंतचे पायी अंतर जाहिरातीत स्पष्ट लिहावे. ‘मंदिराजवळ’ हा शब्द सैलच असतो.

श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी प्रदक्षिणेला, आणि पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथ यात्रेला मोठी गर्दी लोटते. त्या दिवसांचे दर आगाऊ सांगावेत, दारात वाढवू नयेत. श्रावणसरींत गाद्या ओल धरतात, म्हणून जादा चादरी हाताशी हव्यात. प्रत्येकाचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी कर्ज काढून मजला चढविणाऱ्यांनी हिशेब बारा वर्षांचा मांडावा. २०१५ नंतरचा सिंहस्थ हाच. पर्वणीची गर्दी मोजक्या दिवसांची, बँकेचा हप्ता मात्र दरमहाचा. तो एरवीच्या विधींच्या मुक्कामांतून फिटेल का, हे वीट रचण्यापूर्वी पाहावे.