आरोपिताची कैफियत

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात शार्लट्सव्हिल येथे व्हर्जिनिया विद्यापीठ उभारले, तेव्हा इमारतींच्या नकाशाइतक्याच आस्थेने विद्यार्थ्यांच्या शिस्तीचा नकाशाही त्यांनी स्वतःच आखला होता. सनद १८१९ ची. प्रत्यक्ष वर्ग भरू लागले ते १८२५ च्या मार्चमध्ये. मुलांवर पहारे बसवू नयेत, त्यांच्या किरकोळ अपराधांचा निवाडा त्यांच्यापैकीच निवडक मंडळींनी करावा आणि धाकापेक्षा स्वाभिमानावर भिस्त ठेवावी, अशी त्या वृद्ध तत्त्वचिंतकाची धारणा होती. दक्षिणेतील जमीनदारांची, गुलामांवर हुकमत गाजवीत वाढलेली ही मुले या विश्वासाला कितपत पात्र होती, याचा प्रत्यय पहिल्याच वर्षी आला. मुखवटे चढवलेल्या विद्यार्थ्यांनी रात्री हिरवळीवर धुमाकूळ घातला, अडवायला आलेल्या प्राध्यापकांवर हल्ला केला आणि दंगेखोरांची नावे सांगण्यास त्यांच्या सोबत्यांनी साफ नकार दिला. ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांपुढे सारे विद्यार्थी हजर केले गेले तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे जेफर्सन बोलावयास उठले, परंतु कंठ दाटून आल्यामुळे त्यांना खाली बसावे लागले. अपराध्यांत त्यांचा एक आप्तही निघाला.

यानंतर पंधरा वर्षे उभय पक्षांनी एकमेकांकडे वैऱ्याच्या नजरेने पाहिले. पहाटे उठण्याचा नियम, गणवेशाचा नियम, मद्य आणि जुगार यांवरील बंदी अशी निर्बंधांची भिंत अध्यापकांनी उभारावी आणि ती ओलांडण्यात विद्यार्थ्यांनी भूषण मानावे, असा क्रम चालू राहिला. १२ नोव्हेंबर १८४० च्या रात्री गोळीबाराचा आवाज ऐकून कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस आपल्या निवासाबाहेर आले. एका मुखवटेधाऱ्याचा चेहरा पाहण्यासाठी त्यांनी हात पुढे करताच त्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले आणि दोन दिवसांनी त्यांचा अंत झाला. मारेकरी विद्यार्थीच होता. तो पकडला गेला, पण जामिनावर सुटताच फरारी झाला. मृत्युशय्येवरील डेव्हिस यांनी त्याचे नाव सांगण्यास नकार दिला, अशी एक आख्यायिका तेथे अद्याप सांगितली जाते.

डेव्हिस यांच्या जागी आलेले हेन्री सेंट जॉर्ज टकर हे पूर्वी व्हर्जिनियाच्या वरिष्ठ न्यायालयाचे अध्यक्ष होते. ४ जुलै १८४२ रोजी त्यांनी अध्यापकसभेत एक ठराव मांडला. प्रत्येक परीक्षार्थीने उत्तरपत्रिकेसोबत आपल्या प्रतिष्ठेची ग्वाही देणारा एक दाखला जोडावा. ही उत्तरे लिहिताना तोंडी, लेखी अथवा छापील असे कोणतेही साहाय्य आपण घेतलेले नाही, असे त्यात नमूद करावे, एवढाच त्याचा आशय. तेथील सुप्रसिद्ध प्रतिष्ठासंहितेचा उगम या चिठोऱ्यात आहे. डेव्हिस यांच्या रक्तातून ही संहिता जन्मली असे सांगण्याचा प्रघात पडला आहे. मला तो किंचित रंगवलेला वाटतो, कारण खून आणि ठराव यांच्यामध्ये वीस महिन्यांचे अंतर आहे, आणि ठरावाचा विषय पिस्तूल नसून परीक्षा हा आहे. खरी गोष्ट इतकीच दिसते की पहारेकऱ्याच्या भूमिकेला प्राध्यापक कंटाळले होते, आणि चोवीस तास संशयित म्हणून वावरण्याला विद्यार्थीही.

शपथेच्या वा दिव्याच्या बळावर वादाचा निकाल लावण्याची रीत आपल्याकडील गोतसभांनाही अपरिचित नव्हती. परंतु दिव्य करणाऱ्याचे म्हणणे संशयास्पद म्हणूनच त्याला दिव्याला सामोरे जावे लागे. व्हर्जिनियात मात्र सद्गृहस्थाचा शब्द हाच पुरावा, त्यापुढे शहानिशा नको, असे गृहीत धरले गेले. हा सद्गृहस्थ कोण, याविषयी त्या समाजाच्या मनात संदिग्धता नव्हती. ज्या गुलामांनी विद्यापीठाच्या विटा भाजल्या आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडल्या, त्यांची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध व्हर्जिनियाच्या कोणत्याही न्यायालयात ग्राह्य नव्हती. पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला कायद्याच्या शाळेत पाऊल टाकता आले ते १९५० साली, तेही न्यायालयाच्या हुकमाने; आणि पदवीपूर्व महाविद्यालय स्त्रियांना खुले झाले ते १९७० साली.

या उदात्त व्यवस्थेत आरोप आल्यावर विद्यार्थ्याने काय बोलावे? माझ्या मते तिचे सारे वैगुण्य या प्रश्नात साठवलेले आहे. जिथे शब्द हाच पुरावा, तिथे शब्दावरील विश्वास उडाला की आरोपिताजवळ देण्यासारखे काही उरतच नाही. सहाध्यायी त्याला गाठीत आणि आपला संशय बोलून दाखवीत. मग निमूटपणे निघून जावे, अथवा सहाध्यायांच्याच पंचायतीपुढे उभे राहावे, एवढे दोनच मार्ग त्याला मोकळे असत. पंचायतीने दोषी ठरवले तर शिक्षा एकच, कायमची हकालपट्टी. मोहाच्या क्षणी केलेली आणि योजून केलेली, एका ओळीची आणि साऱ्या प्रबंधाची चोरी यांच्या शिक्षेत तारतम्य करण्याची सोयच नव्हती, कारण प्रतिष्ठा असते किंवा नसते, ती बारा आणे असू शकत नाही, असा त्यामागील युक्तिवाद. प्रिन्स्टनने १८९३ साली आणि स्टॅनफर्डने १९२१ साली अशाच संहिता स्वीकारल्या, मात्र शिक्षेच्या बाबतीत त्या इतक्या ताठर राहिल्या नाहीत.

आरोपिताच्या कैफियतीचा हक्क प्रतिष्ठेच्या पोटी जन्मला नाही. तो आला न्यायासनाकडून, आणि गंमत अशी की तोही एका विद्यापीठाच्याच भांडणातून. केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख रिचर्ड बेंटली हे ग्रीक-लॅटिनचे प्रकांड पंडित आणि तितकेच प्रकांड भांडखोर. पदवीप्रदानाच्या चार गिनी शुल्कावरून कॉन्यर्स मिडल्टन यांनी त्यांच्यावर कुलगुरूंच्या न्यायसभेत फिर्याद लावली. बेंटलींनी समन्स आणणाऱ्याचा उपमर्द केला, कुलगुरूंविषयीही अनुदार उद्गार काढले, आणि १७१८ साली विद्यापीठाने त्यांचे म्हणणे न ऐकताच त्यांच्या साऱ्या पदव्या काढून घेतल्या. प्रकरण राजाच्या न्यायपीठापुढे गेले. ईडनच्या बागेत प्रत्यक्ष परमेश्वरानेही आदमला आधी हाक मारून जाब विचारला आणि मगच दंड केला, या आशयाचे न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांचे १७२३ मधील विवेचन वकिलांच्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ झाले. बेंटलींना पदव्या परत मिळाल्या. ते निर्दोष होते असे कोणी म्हटले नाही, आणि त्यांचा स्वभाव पाहता म्हणणे कठीणही होते. त्यांना विचारायला हवे होते, एवढेच ठरले.

अमेरिकेतील सरकारी महाविद्यालयांपर्यंत हे तत्त्व पोहोचण्यास १९६१ साल उजाडावे लागले. मंटगमरी येथील न्यायालयाच्या इमारतीतल्या, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात काही कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले, म्हणून अलाबामा स्टेट कॉलेजने १९६० मध्ये त्यांना सुनावणीवाचून बडतर्फ केले होते. ‘डिक्सन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दाव्यात अपील न्यायालयाने निर्णय दिला की दोषारोप नेमका कोणता हे विद्यार्थ्याला कळवले पाहिजे, साक्षीदार कोण आणि ते काय सांगतात हे त्याला समजले पाहिजे, आणि आपली बाजू मांडण्यास त्याला अवसर मिळाला पाहिजे. पुढल्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही, परीक्षेत गैरमार्ग अवलंबल्याच्या आरोपावरून उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांचा १९५४ चा निकाल त्यांना न विचारता रद्द करण्यात आला होता त्या प्रकरणात, असा निर्णय घेणारी समिती अर्धन्यायिक असल्याने तिने ऐकून घेणे बंधनकारक आहे असे ठरवले. मात्र १९७० मधील बिहारच्या प्रकरणात, सबंध केंद्रावरच सामूहिक कॉपी झाली असेल तर प्रत्येकाला पृथक् नोटीस देण्याची गरज नाही, असा अपवादही न्यायालयाने मान्य केला. महाराष्ट्राने १९८२ साली परीक्षांतील गैरप्रकारांसाठी निराळा कायदाच केला. आपली पद्धती प्रथमपासून पर्यवेक्षकाची, भरारी पथकाची आणि अविश्वासाची. ती कोणाला उदात्त वाटणार नाही, परंतु अविश्वासाला निदान लेखी पुराव्याची सवय असते.

अशा पुराव्याशी व्हर्जिनियाची मोठी गाठ पडली ती २००१ साली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लुई ब्लूमफील्ड यांनी आपल्या लोकप्रिय वर्गातील काही वर्षांचे निबंध संगणकाच्या आज्ञावलीतून ताडून पाहिले. सहा सहा शब्दांच्या साम्यावरून प्रथम १२२ आणि पुढे १५८ विद्यार्थ्यांवर आरोप आले. विद्यार्थ्यांची पंचायत दीड वर्षाहून अधिक काळ खटले चालवीत राहिली. अखेर ४८ जणांना विद्यापीठास वा पदवीस मुकावे लागले आणि उरलेले बहुतेक निर्दोष ठरले. कित्येकांचा अपराध इतकाच की त्यांनी आपला निबंध मित्राला वाचावयास दिला होता. दोन्ही निबंध शेजारी ठेवता येत होते, कोणते वाक्य कोठून आले हे दाखवता येत होते, म्हणूनच तर सुटणाऱ्यांना सुटता आले.

एकच शिक्षा असलेल्या न्यायसभेत पंच एकतर क्रूर होतात किंवा डोळे मिटून घेतात. हे विद्यार्थ्यांनाही उमगले. २०१३ साली त्यांनी मतदानाने एक तिसरी वाट काढली: आरोप कळल्यापासून सात दिवसांत कबुली द्यावी, दोन सत्रे विद्यापीठ सोडावे आणि मग परत यावे. २०२२ मध्ये पुन्हा मतदान होऊन कायमची हकालपट्टी गेली, आणि पुढल्या वर्षी अपराधाच्या वजनाप्रमाणे शिक्षा ठरवण्याची मुभा आली. या सात दिवसांविषयी मला एक शंका वाटते. परदेशी आलेल्या, व्हिसाच्या मुदतीवर ज्याचे वास्तव्य टांगलेले आहे अशा विद्यार्थ्याला, आणि त्यांत आता पुण्या-मुंबईहून गेलेलेही आहेत, ही कबुली कितपत मोकळ्या मनाने देता येईल? निरपराध माणूसही सौम्य शिक्षेच्या लोभाने मान खाली घालतो, हे फौजदारी वकिलांना पुरते ठाऊक आहे.

अलीकडे तर आरोपाचे स्वरूपच बदलले आहे. निबंध माणसाने लिहिला की यंत्राने, हे सांगण्याचा दावा करणारी यंत्रे निघाली आहेत. ती मूळ लेख शेजारी ठेवू शकत नाहीत, केवळ एक टक्केवारी देतात. चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआयने असले आपले साधन अचूकता अपुरी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, तरी इतरांची साधने विकली जातच आहेत. साक्षीदार कोण आणि तो काय सांगतो, हे आरोपिताला कळले पाहिजे, हा १९६१ चा दंडक येथे लावायचा कसा, कारण येथे साक्षीदाराला स्वतःच्या साक्षीचे कारण सांगता येत नाही. म्हणून शहाणे विद्यार्थी आता आपल्या निबंधाचे कच्चे खर्डे, टिपणे आणि फाइलीतील बदलांचा तारीखवार इतिहास जपून ठेवतात, आणि वकील त्यांना सांगतात की समितीपुढे जाताना प्रथम ते दप्तर उघडा.